बॅलास्ट पाणी: टाकीत भरण्यापासून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यापर्यंत

माल उतरवलेलं जहाज तसंच रिकामं खोल समुद्रात नेता येत नाही. तळाला वजन नसलं की ते जास्त डोलतं, प्रोपेलर पाण्याच्या वर येतो, सांगाड्यावर नको तिथे ताण पडतो. म्हणून बंदरातलंच पाणी टाक्यांत भरून घेतात, हेच बॅलास्ट पाणी, आणि पुढच्या बंदरात माल चढायला लागला की सोडून देतात. मोठ्या बल्क कॅरिअरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) हे पाणी हजारो टन असतं. त्यासोबत त्या बंदरातली अंडी, अळ्या, शेवाळं, जिवाणू आणि चिखलही प्रवासाला निघतो.

हा लेख जहाजावर पहिल्यांदा चढणाऱ्या डेक कॅडेटसाठी, ज्युनिअर इंजिनिअरसाठी आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्यांसाठी आहे. तिघांनी एकमेकांचं काम समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. कारण पाणी नापास होतं तेव्हा चूक बहुतेक वेळा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना झालेली असते.

हा खटाटोप कशासाठी

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची एक कोंब जेली (जेलीफिशसारखा पारदर्शक जीव) काळ्या समुद्रात पोचली. माशांची अंडी, अळ्या आणि त्यांचं खाद्य ती फस्त करत गेली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिथली अँचोव्हीची मासेमारी कोसळली. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला सापडला आणि पुढे त्याने पाणीपुरवठ्याचे पाइप गच्च भरून टाकले. १९९१-९२ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी बंदरांत आलेल्या काही जहाजांच्या पाण्यात त्या वेळी दक्षिण अमेरिकेत पसरलेल्या पटकीचा जंतू सापडला.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. मध्य अमेरिकेच्या बाजूचा, काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला आणि नंतर मुंबईच्या गोद्यांतही दिसला. असे शिंपले जहाजाच्या तळाला चिकटूनही येतात आणि त्यांच्या अळ्या बॅलास्टमधूनही येऊ शकतात. २००० ते २००४ या काळात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ग्लोबॅलास्ट प्रकल्पात सहा देशांतली सहा बंदरं नमुन्यादाखल निवडली, त्यात भारतातून मुंबई होती. मुंबई बंदरात मुळात कोणते जीव आहेत याची जैविक पाहणी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली. मूळचे जीव ठाऊक नसतील तर पाहुणा ओळखणार कसा, म्हणून ही पाहणी फार मोलाची आहे.

आधी आकडे पाठ करा

बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात दोन पातळ्या आहेत. डी-१ म्हणजे भर समुद्रात पाणी बदलणं: शक्यतो किनाऱ्यापासून किमान २०० सागरी मैलांवर आणि किमान २०० मीटर खोलीवर, निदान ९५ टक्के पाणी. डी-२ म्हणजे सोडलेल्या पाण्यात किती जिवंत जीव चालतात त्याची मर्यादा. ८ सप्टेंबर २०२४ पासून जवळपास सगळ्याच जहाजांना डी-२ पाळावं लागतं, म्हणजे व्यवहारात जहाजावर शुद्धीकरण यंत्र हवंच.

डी-२चे आकडे असे. ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जगण्याजोगे जीव: एका घनमीटरमध्ये १० पेक्षा कमी. १० ते ५० मायक्रोमीटरमधले: एका मिलिलिटरमध्ये १० पेक्षा कमी. पटकीचा विषारी जंतू, ओ-१ आणि ओ-१३९ हे प्रकार: १०० मिलिलिटरमध्ये १ वसाहतीपेक्षा कमी. ई-कोलाय: १०० मिलिलिटरमध्ये २५० पेक्षा कमी. आतड्यातले एंटेरोकॉकस: १०० मिलिलिटरमध्ये १०० पेक्षा कमी.

पहिल्या दोन ओळींत नवखे हमखास गोंधळतात. दोन्हीकडे आकडा १०च, पण एकीकडे घनमीटर आणि दुसरीकडे मिलिलिटर. घनमीटरमध्ये दहा लाख मिलिलिटर असतात. म्हणजे छोट्या जिवांची मर्यादा घनमीटरला जवळजवळ एक कोटी होते, तर मोठ्यांची फक्त दहा. एक हजार लिटर पाण्यात दहा जिवंत कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतले बारीक प्राणी) सापडले की जहाज नापास! म्हणूनच मोठ्या जिवांसाठी एवढं पाणी गाळावं लागतं आणि म्हणूनच नमुना घेणाऱ्याची साफसफाई इतकी महत्त्वाची ठरते.

पहिली पायरी: आपल्या यंत्राची मर्यादा वाचा

बहुतेक यंत्रांत आधी गाळणी असते, साधारण ४० मायक्रोमीटरच्या आसपासची, आणि तिच्यामागे जंतू मारायची सोय. ही सोय दोन प्रकारची जास्त दिसते.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या, यंत्रात दिव्यांच्या प्रकाशाने जिवांचा डीएनए बिघडतो आणि त्यांची वाढ थांबते. पाणी घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ते यंत्रातून जातं. पाणी गढूळ असलं की प्रकाश आत पोचत नाही, मग यंत्र प्रवाह कमी करतं किंवा अलार्म देतं.

इलेक्ट्रोक्लोरिनेशनमध्ये समुद्राच्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतं. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असल्यामुळे प्रत्यक्ष काम बरंचसं ब्रोमीनची संयुगं करतात. प्रक्रिया फक्त पाणी घेताना होते आणि सोडताना उरलेलं रसायन सोडियम थायोसल्फेट किंवा बायसल्फाइटने निष्प्रभ करावं लागतं. पाणी गोडं किंवा थंड असलं की क्लोरीन कमी बनतं, म्हणून अशा बंदरांत यंत्राला एखाद्या टाकीत साठवलेलं खारं पाणी पुरवतात. या यंत्रात हायड्रोजनही तयार होतो. तिथला ब्लोअर आणि गॅस डिटेक्टर बंद असताना यंत्र चालू करायचं नाही, यात तडजोड नाही.

टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्रात, म्हणजे यंत्राचं ते मॉडेल मान्य झाल्याच्या दाखल्यात, कमीत कमी खारेपणा, तापमान, यूव्ही तीव्रता आणि पाणी टाकीत किती वेळ ठेवायचं हे लिहिलेलं असतं. ते पान प्रत काढून कंट्रोल पॅनलजवळ लावा. चीफ ऑफिसर पाणी सोडायचं ठरवतो आणि इंजिन रूमला टाकीत पाणी किती तास राहिलं हे ठाऊकच नसतं, असे घोटाळे एका कागदाने टळतात.

दुसरी पायरी: पाणी भरताना

शक्य असेल तर ओहोटीच्या तळाला, ड्रेजिंग चालू असताना किंवा सांडपाण्याच्या तोंडाजवळ पाणी घेऊ नका. रात्री अनेक सूक्ष्म प्राणी वरच्या थरात येतात, तेव्हाही टाळता आलं तर टाळा. पावसाळ्यात मुंबई बंदरात किंवा हुगळीवर हल्दियाला जहाज लावलेल्या कुणालाही गाळणीचं काय होतं ते विचारा: डिफरन्शियल प्रेशर (गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) चढत राहतं, बॅकफ्लश (उलट्या प्रवाहाने गाळणी धुणं) एकामागून एक लागतो आणि पाणी टाकीत जायच्या ऐवजी गाळणी धुण्यातच संपतं. बॅकफ्लशचं पाणी तिथल्या तिथे बाहेर जातं, त्यामुळे जीव आपापल्या बंदरातच राहतात. म्हणून बॅकफ्लश वाट पाहायला लावतो म्हणून चिडून गाळणी बायपास करणं, म्हणजे पाणी तिला वगळून नेणं, सगळ्यात वाईट.

तरीही कधी पाणी इतकं वाईट असतं की बायपासशिवाय इलाजच राहत नाही. तेव्हा आधी जहाजाच्या बॅलास्ट पाणी व्यवस्थापन आराखड्यात त्याची तरतूद आहे का ते पाहायचं, कॅप्टनची परवानगी घ्यायची, नोंद करायची, पुढच्या बंदराला कळवायचं. मग भर समुद्रात ती टाकी आणि पाइप रिकामे करून, धुऊन, यंत्रातून आलेलं स्वच्छ पाणी भरायचं. टाकी रिकामी करताना जहाजाच्या स्थैर्याचं आणि सांगाड्यावरच्या ताणाचं गणित चीफ ऑफिसरने केल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह उघडायचा नाही.

तिसरी पायरी: टाकीत असताना

टाकीच्या तळाचा चिखल ही सर्वांत दुर्लक्षित जागा. डायनोफ्लॅजेलेट ही विषारी एकपेशीय शेवाळं प्रतिकूल काळात कवच घालून चिखलात बसतात. ऑस्ट्रेलियात तपासलेल्या एका जहाजाच्या टाकीतल्या गाळात असे ३० कोटींहून अधिक कोश असल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला होता. यंत्र कितीही चांगलं असू द्या, शुद्ध केलेलं पाणी जुन्या चिखलावर पडलं की मोठ्या जिवांच्या मोजणीत नापास व्हायची वेळ येते. नव्या यंत्राच्या कमिशनिंग चाचणीतही (बसवल्यावर पहिल्यांदा चालवून पाहताना) हे घडतं. म्हणून ड्रायडॉकमध्ये टाक्या साफ करून घ्यायचा आग्रह धरा.

टाकीत उतरून नमुना घ्यायचा विचारही करू नका. गंज प्राणवायू खातो. २०.९ टक्के प्राणवायू, गॅस तपासणी, परमिट आणि बाहेर माणूस, हे सगळं असल्याशिवाय बॅलास्ट टाकीत कुणीही जायचं नाही.

चौथी पायरी: नमुना

नमुना घेण्याची खरी जागा म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपवरचा सॅम्पलिंग पोर्ट, बाहेर पडण्याच्या जागेच्या शक्य तितका जवळ. मॅनहोलमधून सोडलेली बादली वरवरचं पाणी देते, ते साऱ्या टाकीचं पाणी नव्हे. पोर्टमधली नळी पाइपच्या मध्यभागी प्रवाहाकडे तोंड करून असावी आणि पाणी मुख्य प्रवाहाच्याच वेगाने, झटका न बसता नळीत शिरावं. याला आयसोकायनेटिक नमुना म्हणतात. नळीचा व्यास असा काढतात: नमुन्याचा प्रवाह भागिले मुख्य प्रवाह, त्याचं वर्गमूळ, गुणिले मुख्य पाइपचा व्यास. उदाहरण घेऊ. पाइप ३०० मिलिमीटरचा, पंप ताशी ५०० घनमीटर, नमुना ताशी ३ घनमीटर. उत्तर येतं सुमारे २३ मिलिमीटर. व्यवहारात याच्या दीड ते दोन पट, म्हणजे ३५ ते ४६ मिलिमीटर व्यास ठेवतात, म्हणजे जीव नळीच्या कडेवर आपटून मरत नाहीत.

ताशी ३ घनमीटर म्हणजे मिनिटाला ५० लिटर. मोठ्या जिवांसाठी किमान एक घनमीटर गाळायचं तर वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं अशी घालवा.

आधी पोर्ट उघडून पाणी थोडा वेळ वाहू द्या, नळीत साचलेलं जुनं पाणी निघून जाईल. प्लँक्टनची जाळी ३५ मायक्रोमीटर छिद्राची घ्या. छिद्राचा कर्ण ५० मायक्रोमीटरच्या आसपास येतो म्हणून हा आकडा. जाळी पाण्याने भरलेल्या टबात बुडवून ठेवा, हवेत टांगू नका. हवेत टांगलेल्या जाळीवर पाणी जोराने आदळतं आणि जीव चिरडतात. मग तुम्ही मोजता ते यंत्राचं काम नसून तुमच्या नळाचं असतं. पाणी किती गेलं हे फ्लो मीटरवर वाचा, घड्याळावरून अंदाज बांधू नका. शेवटी जाळी बाहेरच्या बाजूने, गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने धुवा, म्हणजे अडकलेले जीव खालच्या डब्यात उतरतील आणि बाहेरचं काही आत जाणार नाही. डब्यातलं पाणी एका लिटरपर्यंत करा, बाटलीवर टाकी, वेळ, तापमान, खारेपणा आणि गाळलेलं आकारमान लिहा.

जाळी दोन जहाजांच्या मध्ये नीट धुवून वाळवा. कालच्या बंदरातला एक कोपेपॉड जाळीच्या शिवणीत राहिला तर आजच्या जहाजाला गुन्हेगार ठरवायला पुरतो. ज्याची चूक नाही त्याच्यावर आळ येतो, म्हणून इथे कंटाळा करणं मला अन्यायाचं वाटतं.

छोट्या जिवांसाठी आणि जिवाणूंसाठी न गाळलेलं पाणी वेगळं घ्या. जिवाणूंची बाटली निर्जंतुक हवी आणि क्लोरीनचं यंत्र असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं. नाहीतर उरलेलं क्लोरीन प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच जंतू मारत राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो. बाटली अंधारात, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि २४ तासांत तपासणीला लावा. मोठ्या जिवांचा नमुना मात्र गोठवू नका, उन्हात ठेवू नका, आणि सहा तासांच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली आणा.

पाचवी पायरी: क्लोरीन मोजणं

इलेक्ट्रोक्लोरिनेशनच्या जहाजावर सोडलेल्या पाण्यातलं उरलेलं ऑक्सिडंट, म्हणजे टीआरओ, मोजावंच लागतं. अनेक प्रमाणपत्रांत सोडतानाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आपल्या प्रमाणपत्रात काय आहे ते पाहा. डीपीडी या रसायनाच्या साध्या पुडीने रंग गुलाबी होतो आणि छोटं फोटोमीटर आकडा देतं. पुडी टोटल क्लोरीनची घ्या. फ्री क्लोरीनची पुडी समुद्राच्या पाण्यात सगळं पकडत नाही. नमुना घेतल्याबरोबर मोजा, कारण टीआरओ काही मिनिटांत उतरतं.

एक गोष्ट प्रत्येक नवख्याला शिकवायला हवी. क्लोरीन फार जास्त असलं तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येतो आणि उडून जातो, बाटली पारदर्शक दिसते. तो शून्य नाही, उलट न्यूट्रलायझरचा (क्लोरीन निष्प्रभ करणाऱ्या रसायनाचा) पंप बंद पडल्याची ती खूण असू शकते. बाटलीकडे पहिले काही सेकंद नीट बघा, शंका आली की डिस्टिल्ड पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा मोजा. मेलेल्या माशांना आकडा दाखवून काही होत नाही.

सहावी पायरी: सूक्ष्मदर्शक

५० मायक्रोमीटरवरच्या जिवांसाठी नमुना मोजणीच्या थाळीत थोडा थोडा घ्या. हललेला जीव जिवंत. न हललेल्याला बारीक सुईने हलकेच स्पर्श करा आणि काही सेकंद वाट पाहा. पाय, शृंगिका किंवा हृदय हललं तरी जिवंत धरायचा. आकार मोजताना शरीराचा सर्वांत लहान आकार मोजा, काटे आणि शृंगिका सोडून. यात खूप चुका होतात: २०० मायक्रोमीटर लांब पण ८ मायक्रोमीटर रुंद डायटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शेवाळ) मोठ्यांत येत नाही आणि १० ते ५० मध्येही येत नाही. साखळीत जोडलेल्या डायटममध्ये एकेक पेशी मोजायची.

छोट्या जिवांसाठी एफडीए आणि सीएमएफडीए ही रंगद्रव्यं घालून अंधारात ठेवतात. मग निळ्या प्रकाशात जिवंत पेशी हिरव्या चमकतात, क्लोरोफिल लाल दिसतं. यूव्ही यंत्राच्या बाबतीत इथे एक पेच आहे. यूव्हीने मारलेली पेशी काही काळ हिरवी चमकत राहते, पण वाढू शकत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय करारात जगण्याजोगी म्हणजे पुढची पिढी निर्माण करू शकणारी, असा अर्थ धरतात आणि वाढवून पाहण्याची पद्धतही मान्य आहे. अमेरिकेच्या किनारा रक्षक दलाने मात्र बराच काळ रंगद्रव्याच्या पद्धतीवर भर दिला. कोणत्या बंदरासाठी तपासता आहात ते आधी विचारा.

झटपट तपासणीसाठी फ्लुओरोमीटर (चमक मोजणारं यंत्र) आणि एटीपीची (जिवंत पेशींतलं ऊर्जेचं रसायन मोजणारी) किट मिळतात. ती मर्यादेच्या खूप वर किंवा खूप खाली सांगण्यापुरती चांगली. काठावरचा निकाल आला तर पूर्ण मोजणीशिवाय निर्णय घेऊ नका.

सातवी पायरी: नोंदी आणि तपासनीस

बॅलास्ट पाणी नोंदवही जहाजावर शेवटच्या नोंदीनंतर किमान दोन वर्षं आणि पुढे कंपनीकडे किमान तीन वर्षं ठेवावी लागते. १ फेब्रुवारी २०२५ पासून तिचा नवा नमुना लागू आहे. जुन्या सवयीने जुने रकाने भरले तर यंत्र नीट चालूनही जहाज अडकतं. बंदर तपासनीस आधी प्रमाणपत्र आणि नोंदवही पाहतात, मग यंत्र चालवणाऱ्याला प्रश्न विचारतात, मग झटपट नमुना आणि शेवटी गरज पडली तर सविस्तर तपासणी. दुसऱ्या टप्प्यातच बरीच जहाजं अडतात, कारण यंत्र चालवणारा नेमका झोपलेला असतो आणि समोर उभा राहिलेल्याला अलार्मची यादी उघडता येत नाही. म्हणून निदान दोघांना यंत्र येऊ द्या.

बल्क कॅरिअरवर आणखी एक पाहा: टॉपसाइड, म्हणजे माल ठेवायच्या जागेच्या वरच्या कोपऱ्यांतल्या, टाक्या गुरुत्वाने थेट समुद्रात रिकाम्या करायचे व्हॉल्व्ह असतात. यूव्ही यंत्र असेल तर हे पाणी दुसऱ्यांदा दिव्याखालून जातच नाही. ते व्हॉल्व्ह सील करून ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

निकाल नापास आला तर

पाणी सोडणं तिथेच थांबवा आणि कॅप्टनला सांगा. बंदर अधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय उरलेलं पाणी सोडायचं नाही. ते जहाजावरच ठेवणं, पुन्हा यंत्रातून नेणं, ठरलेल्या ठिकाणी समुद्रात बदलणं किंवा किनाऱ्यावरच्या सोयीत देणं, यांपैकी काय चालेल ते बंदर सांगेल. तोवर कारण शोधा: गाळणीची जाळी फाटलेली आहे का, प्रवाह यंत्राच्या क्षमतेबाहेर गेला होता का, बायपास व्हॉल्व्ह गळतो का, टाकीत आधीचं न शुद्ध केलेलं पाणी उरलं होतं का, टाकीत ठेवायचे तास पूर्ण झाले होते का. दुसरा नमुना वेगळ्या, धुतलेल्या जाळीने घ्या आणि त्याची नोंद पहिल्याच्या खाली करा. पहिला निकाल खोडायचा नाही.